विरोत मास्तरांची शिष्टाचाराची शाळा

थायलंडातल्या आमच्या फेचबुरीत विरोत मास्तरांना ओळखत नाही असा माणूस शोधून सापडला नसता, आणि त्यांना तोंडावर खरं सांगेल असाही सापडला नसता. एक अपवाद होता, पण तो घरातच होता. त्यांची बायको ओराफिन. ती पहाटे उठून अंडी, नारळाचं दूध आणि ताडाचा गूळ घोटायची, त्याच्या खरवसासारख्या वड्या भाजायची, वर तळलेला कांदा भुरभुरायची आणि बाजारात नेऊन विकायची. त्या वड्यांवर घर चालायचं आणि पेन्शनवर मास्तरांचा रुबाब चालायचा. ओराफिन जे बोलायची ते मास्तरांना ऐकू येत नसे असं नाही, ते त्याला बोलणंच समजत नसत. "बाजारात बसून बसून जीभ सैल झालीय तुझी," म्हणायचे आणि आरशासमोर उभे राहून केसांना तेल चोपडायचे.

शाळेत ते जन्मभर उपमुख्याध्यापक राहिले. वरची खुर्ची रिकामी झाली की बँकॉकहून कुणीतरी येऊन तिच्यात बसायचा, आणि मास्तर त्याला असा वाकून नमस्कार करायचे की तो नवा माणूसच ओशाळायचा. कुणासाठी हात किती वर न्यायचे याचं मास्तरांचं गणित पक्कं होतं. भंतेंना कपाळाशी, साहेबांना नाकाशी, बरोबरीच्याला हनुवटीशी. शाळा झाडणाऱ्या बाईने हात जोडले तर मास्तर नुसती मान हलवायचे, तीही अशी की कानावरची माशी उडवतायत असं वाटावं. पोरांना नमस्काराच्या बदल्यात छडी मिळायची. इतकं सगळं करून निवृत्तीच्या समारंभात त्यांनी डोळे पुसत सांगितलं, "मी आयुष्यभर माणसं जोडली." सगळे हसले. मास्तरांना वाटलं, गहिवरले.

असा माणूस निवृत्तीनंतर खरं तर घरात बसून सुकून जायचा. पण मास्तरांना एका फरांगाने वाचवलं. फरांग म्हणजे गोरा परदेशी, आमच्याकडे समुद्र जवळ असल्यामुळे ते वाळूबरोबर येतातच. तर असा एक उघड्या अंगाचा, बिअर ढोसलेला फरांग बाजारातल्या शेवयांच्या गाडीवर मास्तरांच्या शेजारी येऊन बसला, "भला माणूस, भला माणूस" म्हणाला, आणि त्याने मास्तरांच्या डोक्यावर थोपटलं. डोक्यावर! ज्या डोक्याला न्हावीसुद्धा माफी मागितल्याशिवाय हात लावत नसे, त्यावर खारे शेंगदाणे खाल्लेला हात. तेलाने चप्प बसवलेले केस उभे राहिले. आणि मास्तर काय करत होते? हसत होते. गाडीवाला हसत होता, आसपासचे हसत होते. फरांग इतका खूश झाला की त्याने पुन्हा थोपटलं.

घरी येऊन मास्तर जेवले नाहीत.

"तिथंच म्हणायचं होतंत, हात काढ म्हणून," ओराफिन म्हणाली.

"असं म्हणतात का? त्याला किती वाईट वाटलं असतं!"

"मग मला कशाला ऐकवताय? मी थोडाच ठेवला होता हात?"

पण त्या दिवशी मास्तरांना आयुष्याचं काम सापडलं. फरांगांना वळण लावायचं. विहाराच्या आवारात एक उघडा मंडप आहे, तिथे त्यांनी दर शनिवारी वर्ग सुरू केला. फी नव्हती. फी घेणं त्यांना हलकं वाटायचं. कुणी पाकीट पुढे केलं तर ते दोनदा नको म्हणायचे आणि तिसऱ्यांदा आग्रह होईपर्यंत पाकिटावरची नजर काढायचे नाहीत. वर्गाला येणारी मंडळी म्हणजे निवृत्त होऊन इथं येऊन राहिलेले म्हातारे-म्हाताऱ्या, स्वतःच्या देशात ज्यांना कुणी काही शिकवायला धजलं नसतं. इथे ते चटईवर पाय दुमडून बसायचे आणि मुंग्या आल्या तरी हूं की चूं करायचे नाहीत.

"पाय म्हणजे काय?" मास्तर विचारायचे.

"चालायला असतात ते," एक जाडा ऑस्ट्रेलियन म्हणायचा.

"पाय म्हणजे घाण!" मास्तर टाळी वाजवायचे. "पाय माणसाकडे करायचा नाही, मूर्तीकडे करायचा नाही, पायाने दार ढकलायचं नाही, पायाने वस्तू दाखवायची नाही. आणि डोकं?"

"डोक्याला हात लावायचा नाही," सगळे एका सुरात म्हणायचे. हा धडा दर शनिवारी व्हायचा.

जाड्याने सगळं मनावर घेतलं होतं. तो विहारातल्या कुत्र्यांनाही हात जोडायचा, पैसे काढायच्या यंत्रालाही जोडायचा. बाजारात पोरं मुद्दाम त्याच्यासमोरून पुन्हा पुन्हा जायची आणि तो प्रत्येक पोराला नाकापर्यंत हात नेऊन वाकायचा. पोरांच्या आया हसायच्या. हे बरोबर नाही, लहानांना आधी नमस्कार करत नसतात, असं त्याला एका बाईनेही सांगितलं नाही. आमच्या गावाची हीच तऱ्हा आहे. माणूस खड्ड्याकडे चालला असेल तर त्याला थांबवणं उद्धटपणाचं, हसून वाट करून देणं सभ्यपणाचं.

वर्गात खरी हुशार एकच होती, बिर्गिट. डेन्मार्कमध्ये जन्मभर टपाल कचेरीत काम केलेली विधवा. नदीकाठी लाकडी घर भाड्याने घेऊन राहायची, थाई चांगलं बोलायची आणि बोलण्यापेक्षा ऐकायची जास्त. मास्तरांचा तिच्यावर जीव होता, कारण तिच्याकडे बोट दाखवून "हे माझं काम" असं म्हणता यायचं.

एका शनिवारी धडा होता नकाराचा.

"थाई माणूस 'नाही' म्हणत नाही," मास्तर म्हणाले. "तुम्ही त्याचं घर मागितलंत तरी म्हणणार नाही. 'पाहू' म्हणेल. 'घाई काय आहे' म्हणेल. तुमच्या तब्येतीची चौकशी करेल. आणि हसेल. तेव्हा काय समजायचं?"

"की तो आनंदात आहे," जाडा म्हणाला.

"की आपली उठायची वेळ झाली," बिर्गिट म्हणाली.

"शाबास! हिला कळलं. आणि कळलं तरी बोलायचं नाही. वडीलधाऱ्याची चूक दिसली तरी आपल्याला दिसली नाही. त्याला चारचौघांत खाली बघायला लावायचं नाही. आपलं मन मारायचं, त्याचं जपायचं. याला आम्ही क्रेंग जाय म्हणतो. हे ज्याला जमलं तो थाई झाला."

शिकवत होते ते शंभर टक्के खरं होतं. एखाद्याने पोहण्याचे सगळे नियम काठावर उभं राहून खणखणीत आवाजात सांगावेत आणि मग कोरड्या विहिरीत उडी मारावी, तशातला प्रकार.

त्या वर्षी भंतेंचा पावसाळ्यातला वर्षावास चालू असताना विहाराचे मग्गनायक खाम आजोबा वारले. मग्गनायक म्हणजे उपासकांचा म्होरक्या. लोकांच्या वतीने भंतेंकडे पंचशील मागायचं, वंदना सांगायची, दानाचे शब्द म्हणायचे आणि बाकीच्यांनी ते त्याच्यामागून म्हणायचे. पगार नाही, खुर्ची नाही. चटईवर सगळ्यांच्या पुढे बसायला मिळतं आणि हातात माईक असतो. मास्तरांना खुर्च्यांनी आयुष्यभर हुलकावणी दिली होती. ही चटई मात्र आपलीच, असं त्यांनी खाम आजोबांच्या चितेची राख निवायच्या आत ठरवून टाकलं. वर्षावास संपला की भंतेंना नवी वस्त्रं द्यायचा, चीवरदानाचा सोहळा होता, बँकॉकहून दानाची मंडळी येणार होती, सगळा गाव लोटणार होता. त्या दिवशी पांढऱ्या कोटात, हातात माईक घेऊन, मागे आपले फरांग रांगेत. मास्तरांना ते चित्र जेवतानाही दिसायचं.

गावाला मात्र वेगळंच चित्र दिसत होतं. नववर्षाच्या दानाला खाम आजोबा आजारी होते म्हणून एकदा माईक मास्तरांच्या हाती गेला होता. ते कृतज्ञतेवर बोलले. मग कृतज्ञतेच्या प्रकारांवर बोलले. मग स्वतःविषयी कोण कोण कृतज्ञ आहे त्यावर बोलले. भंतेंना दुपारी बारानंतर अन्न चालत नाही हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बायकांनी रात्र जागून केलेला रस्सा निवला, त्यावर साय धरली, भात टणक झाला, आणि मास्तर प्रकार मोजतच होते. बारा वाजून गेले. भंते शांतपणे रिकाम्या पोटी उठले. एका म्हातारीने गेलेल्या नवऱ्याच्या नावाने बदक शिजवलं होतं, तिने पदर तोंडाला लावला. मास्तर खाली उतरले तेव्हा सगळे हसत होते.

"फारच सविस्तर झालं, गुरुजी!" लोक म्हणाले.

"लोकांना उठवत नव्हतं," मास्तरांनी घरी सांगितलं.

"भंते उपाशी उठले," ओराफिन म्हणाली.

"त्यांचं लक्ष लागलं होतं म्हणून."

तर असे मास्तर एक दिवस भगवी बादली घेऊन थोरल्या भंतेंकडे गेले. भंतेंना दान द्यायच्या या बादल्या बाजारात भरून तयार मिळतात. साबण, चहा, टॉर्च, छत्री, वर पारदर्शक कागद. बरोबर बिर्गिटला नेलं, नमुना म्हणून. तिने गुडघ्यांवर सरकत जाऊन बादली भंतेंच्या समोरच्या कापडावर ठेवली, हाताला हात न लागू देता, आणि मागे सरकून पाय दुमडून बसली. मास्तरांनी भंतेंकडे असं पाहिलं की जणू माकडाकडून सलाम करवून घेतला होता.

मग ते मुद्द्यावर आले. म्हणजे आधी खाम आजोबांच्या पुण्याईवर आले, तिथून विहाराच्या परंपरेवर, तिथून हल्लीच्या ढासळत्या उच्चारांवर, आणि शेवटी म्हणाले, "या जागेवर शिकलेला, अनुभवी माणूस हवा, असं सगळं गाव म्हणतंय. माझी काही इच्छा नाही, पण सेवा म्हणून..."

थोरले भंते हसले. भंतेंचं वय झालं होतं, दात थोडे राहिले होते, पण हसणं अजून पुरं होतं.

"पाहू की," ते म्हणाले. "घाई काय आहे? गुरुजींच्या गुडघ्यांचं कसं आहे आता?"

"उत्तम, भंते! कितीही वेळ बसू शकतो!"

"छान. तुम्हाला किती कामं असतात. या फरांग मंडळींचं सगळं तुमच्यावरच." भंतेंनी पंखा आपल्या दिशेने वळवून घेतला. "घरी सगळे बरे आहेत ना?"

बिर्गिटने मास्तरांकडे पाहिलं. ती उठायच्या तयारीने गुडघ्यांवर आली होती. मास्तर आणखी अर्धा तास बसले.

बाहेर आल्यावर चपला घालताना ती हळूच म्हणाली, "गुरुजी, भंते 'पाहू' म्हणाले."

"म्हणाले ना! बघितलंस, किती आनंद झाला त्यांना? गुडघ्यांचीसुद्धा विचारपूस केली. म्हणजे आता बसायचं मलाच."

बिर्गिटच्या ओठांपर्यंत काहीतरी आलं होतं. पण समोर वडीलधारा माणूस, विहाराची पायरी, आसपास चार माणसं. तिने मन मारलं आणि हसली. "हो गुरुजी. भंते फार हसत होते."

तिला जमलं होतं.

त्याच संध्याकाळी थोरल्या भंतेंनी फ्रोमला बोलावून घेतलं. फ्रोमचं विहाराच्या दाराशी शवपेट्यांचं दुकान. शाळेत मास्तरांनी त्याला इतक्या वेळा एका पायावर उभं केलं होतं की त्याच्या बरोबरीचे त्याला अजून बगळा म्हणायचे. माणूस काही फार मोठा नव्हता. आवाज घोगरा, अंगाला सतत वॉर्निशचा वास, आणि पेटी विकताना मेलेल्याच्या मापापेक्षा थोडी मोठी विकायची सवय. पण तो थोडक्यात बोलायचा, आणि भुकेल्या भंतेंना एवढा गुण पुरेसा होता. फ्रोम हो म्हणाला आणि दुकानात पेट्यांच्या मागे बसून शब्द पाठ करू लागला. सगळ्या गावाला कळलं. बाजाराला कळलं, शिंप्याला कळलं, रिक्षावाल्यांना कळलं.

मास्तर शिंप्याकडे गेले. "पांढरा गळाबंद कोट. चीवरदानाच्या दिवशी घालायचाय. समजलं ना कशासाठी?"

"वा, गुरुजी," शिंपी हसला आणि माप घेऊ लागला.

मास्तर फ्रोमच्या दुकानावरून गेले. तो घाईघाईने बाहेर आला आणि त्याने नाकापर्यंत हात जोडले. मास्तरांनी मान हलवली.

"ऐकलंस ना बगळ्या? खाम आजोबांच्या जागेवर."

"तुम्हीच शोभता, गुरुजी," फ्रोम हसला.

असं सगळं गाव हसत होतं. त्या दिवसांत मास्तर ज्या गल्लीतून जात त्या गल्लीत दातच दात दिसत. कुणीही त्यांना बाजूला घेऊन म्हणालं नाही, की गुरुजी, घरी बसा. एवढं बोलायला फार तर एक घोट धैर्य लागलं असतं, पण ते या गावात कुणी घरात ठेवत नाही. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना तो दिवस बघायचाही होता.

बोलली फक्त ओराफिन. मास्तर वड्यांच्या परातीशेजारी बसून कोटाचं कापड दाखवत होते.

"भंते नेमकं काय म्हणाले ते सांगा मला."

मास्तरांनी सांगितलं, गुडघ्यांसकट.

"मग ते नाही म्हणाले की."

"तू होतीस का तिथे?"

"कशाला असायला हवं? तुम्हीच तर शिकवता फरांगांना. कापड परत करून या, अजून कापलं नसेल. फ्रोमला सांगितलंय त्यांनी. अख्खा बाजार बोलतोय."

"बाजार! बाजारातल्या बायकांना काय कळणार भंतेंचं बोलणं? त्याला संस्कार लागतात." मास्तरांचा आवाज चढला. नेमकी बिर्गिट वड्या घ्यायला आली होती. "ही बघ, ही होती तिथे. सांग हिला, बिर्गिट. काय म्हणाले भंते?"

बिर्गिटने मास्तरांकडे पाहिलं, ओराफिनकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं.

"भंतेंचा चेहरा फार प्रसन्न होता," ती म्हणाली.

"ऐकलंस?"

ओराफिनने एक वडी जास्तीची कापली आणि केळीच्या पानात गुंडाळून बिर्गिटच्या हातात दिली. "घ्या. तुम्ही आता पक्क्या इथल्याच झालात," ती म्हणाली. बिर्गिट लाल झाली, कानांपर्यंत. मास्तरांना वाटलं, कौतुकाने.

चीवरदानाचा दिवस उजाडला. ढोल-ताशे लावून मिरवणूक विहाराभोवती फिरली, पुढे नाचणाऱ्या म्हाताऱ्या, मागे चीवराची तबकं, दानाच्या नोटा अडकवलेली शोभेची झाडं, आईसक्रीमवाले. मास्तर पांढऱ्या कोटात नाचणाऱ्यांच्याही पुढे चालत होते. कोट गळ्याशी इतका घट्ट होता की त्यांना मान वळवायला अख्खं अंग वळवावं लागायचं. मागे फरांगांची रांग, बायका थाई रेशमात, जाडा अशा सदऱ्यात की बटणं जीव मुठीत धरून होती. बँकॉकच्या पाहुण्यांनी त्यांचे फोटो काढले. मास्तरांनी फोटोत येण्यासाठी दर वेळी अंग वळवलं.

सभामंडपात भंते चौथऱ्यावर ओळीने बसले. खाली लोक दाटीवाटीने बसले. मास्तर सगळ्यांच्या पुढे, माईकच्या शेजारच्या चटईवर जाऊन बसले, फरांगांना त्यांनी मागे बसवलं. त्यांनी खाकरून घसा साफ केला. माईककडे हात नेला.

"फ्रोम," थोरले भंते म्हणाले, "कर रे बाबा सुरुवात."

फ्रोम गुडघ्यांवर सरकत आला. मास्तरांच्या अंगावरून जाताना वाकून "माफ करा हं, गुरुजी" म्हणाला आणि त्याने माईक उचलला.

मास्तरांचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी तो कोटाच्या बटणाकडे नेला, बटण लावायचंच होतं असं दाखवत. बटण लावलेलंच होतं. सगळ्या मंडपाने हे पाहिलं आणि सगळा मंडप हसला, मऊ, आपुलकीने, दात न दाखवता.

"गुरुजी," भंते वरून म्हणाले, "पाहुण्यांना काय कळतंय काय नाही ते तुमच्याशिवाय कोण बघणार?"

"तेच, तेच करतोय, भंते," मास्तर म्हणाले.

एखादा शहाणा असता तर इथं थांबला असता, मागे सरकून बसला असता आणि संध्याकाळपर्यंत विसरला गेला असता. पण मास्तरांना विसरलं जाणं परवडणारं नव्हतं. वंदना सुरू झाली. "नमो तस्स..." फ्रोम घोगऱ्या आवाजात म्हणाला, आणि त्याचा शब्द पुरा व्हायच्या आत मास्तर दणदणीत आवाजात पुढच्या शब्दावर जाऊन पोचले होते. फ्रोमपेक्षा अर्धं पाऊल पुढे. त्यांना दाखवायचं होतं की हे आपल्याला येतं. मागे बसलेल्या फरांगांना काय, जिकडे गुरुजी तिकडे ते. त्यांनी एका सुरात गुरुजींची साथ धरली. गाव फ्रोमच्या मागे, फरांग मास्तरांच्या मागे. मंडपात दोन वंदना एकमेकींच्या पायात पाय घालत चालल्या. पोरं खिदळू लागली, आयांनी त्यांचे दंड धरले आणि स्वतः खिदळू लागल्या.

"गुरुजींचा आवाज अजून काय खणखणीत आहे!" थोरले भंते मध्येच म्हणाले. "पाणी द्या कुणीतरी गुरुजींना."

यापेक्षा मोठ्याने 'गप्प बसा' आमच्याकडे म्हणत नाहीत. बिर्गिट तत्काळ उठली, वाकून, सगळ्यांच्या डोक्यांपेक्षा आपलं डोकं खाली ठेवत गेली, पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि तिने तो दोन्ही हातांनी मास्तरांपुढे ठेवला. इतकं नेमकं, इतकं सुबक, की एखाद्या थाई मुलीची आईही समाधान पावली असती.

"नको नको," मास्तर म्हणाले, "घसा अगदी ठीक आहे."

शीलं झाली. आता चीवरदानाचे शब्द होते. हे रोजचे नाहीत, वर्षातून एकदा म्हणायचे. "इमं भन्ते..." फ्रोमने सुरुवात केली आणि मास्तर पुन्हा पुढे धावले. या वेळी फ्रोम थांबला. भीतीने म्हणा, जुन्या छडीच्या आठवणीने म्हणा, किंवा गुरुजींच्या शब्दात शब्द मिसळणं बरं दिसत नाही म्हणून म्हणा, त्याने माईक तोंडापासून दूर धरला आणि वाट दिली. गावही थांबलं. मंडपात आता एकट्या मास्तरांचा आवाज होता. इतके दिवस जे ते जेवतानासुद्धा डोळ्यांपुढे आणत होते ते अक्षरशः घडत होतं. सगळं गाव गप्प, भंते ऐकतायत, आणि मास्तर पुढे.

"इमं भन्ते... सपरिवारं..." मास्तर म्हणाले. "सपरिवारं..."

पुढचा शब्द आला नाही.

"सपरिवारं," फरांग मागून भक्तिभावाने म्हणाले.

"सपरिवारं," मास्तर पुन्हा म्हणाले. कोटाच्या गळपट्टीवर मान फुगली. त्यांना कोटाचं कापड पाठ होतं, टाके पाठ होते, बसायची जागा पाठ होती. शब्द पाठ करायचे राहिले होते. खाम आजोबांच्या मागून इतकी वर्षं म्हटले होते, त्यामुळे येतात असंच वाटत होतं. वर पंखा फिरत होता. कुणी हसलं नाही, आणि तेच वाईट होतं. सगळ्यांनी एकदम चटईकडे पाहिलं, जणू चटईवर काही सांडलं होतं.

"कठिनचीवरदुस्सं," फ्रोम माईकमध्ये हळूच म्हणाला.

मास्तरांनी डोळे मिटले. "कठिनचीवरदुस्सं," ते फ्रोमच्या मागून म्हणाले, आणि गाव म्हणालं, आणि फरांग म्हणाले. तिथून शेवटपर्यंत मास्तर एका शब्दानेही पुढे गेले नाहीत. बारा वाजायच्या कितीतरी आधी भंते जेवायला बसले, आणि बदकाचा रस्सा गरम होता.

मग लोकांची पंगत. मास्तरांची मान वर यायला फार वेळ लागला नाही. भाताची पहिली वाटी संपेपर्यंत त्यांनी नवी हकिकत शिवून तयार केली होती, कोटापेक्षा झटपट.

"मीच नको म्हटलं भंतेंना," त्यांनी शिंप्याला सांगितलं. "म्हटलं, तरुणांना संधी द्या."

"मोठं मन तुमचं, गुरुजी," शिंपी म्हणाला.

"मुद्दामच थांबलो मी मध्ये," त्यांनी रिक्षावाल्यांना सांगितलं. "म्हटलं बघू तरी, फ्रोमची तयारी किती झालीय. बरा सावरला पोरगा."

"गुरुजी ते गुरुजीच," रिक्षावाले म्हणाले. जाड्याने हात जोडले. बिर्गिटने ताटातल्या मिरच्या एका बाजूला काढायला सुरुवात केली, एकेक.

सगळ्यांना सांगून झालं आणि मास्तर ताट घेऊन गोडाच्या टेबलापाशी आले. तिथे ओराफिन वड्या वाटत होती. समोर रांग होती, गाव होतं, बँकॉकचे पाहुणे होते. मास्तरांनी सवयीने छाती पुढे काढली, म्हणजे ती जे काही बोलेल ते झेलता आलं असतं.

"ऐकलंस का, ओराफिन? मीच भंतेंना नको म्हटलं. या वयात कशाला उगीच."

रांग कान देऊन उभी राहिली. हिची जीभ सगळ्यांना ठाऊक होती.

ओराफिनने सुरी परातीच्या कडेवर ठेवली. कमरेच्या फडक्याला हात पुसले. त्यांच्याकडे पाहिलं, आणि हसली. बाजारात परक्या गिऱ्हाइकाकडे बघून हसायची तसं, सगळे दात दाखवून.

"हो तर, गुरुजी," ती म्हणाली. "छान केलंत. जेवलात ना?"

आणि तिने एक नेटकी चौकोनी वडी त्यांच्या ताटात ठेवली.

मास्तर थांबले. अजून काहीतरी येईल म्हणून थांबले. बाजारातली ती सैल जीभ, तो टोला, 'मग ते नाही म्हणाले की', काहीही. ओराफिन हसतच होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थट्टा नव्हती, मास्तरांसाठी तिथे काहीच नव्हतं.

"ओराफिन," ते हळू म्हणाले.

"आणखी एक देऊ का, गुरुजी?" ती गोड आवाजात म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता मागच्या माणसाकडे वळली.

गळ्याशी घट्ट बसलेल्या त्या कोटाच्या आत मास्तरांना दरदरून घाम फुटला. मागची रांग त्यांना बाजूला व्हा म्हणाली नाही. ती हसत हसत उभी राहिली.